पाऊल नेमकं कुठे अडतं?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या चालण्याबद्दल घरच्यांना विचारलं, तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं : ‘पाय ओढतात.’ उत्तर खोटं नसतं, पण त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. पाऊल लोंबतं म्हणून पाय ओढला जातो, की गुडघा वाकत नाही म्हणून? की खुब्यातून पाय पुढे यायला ताकदच पुरत नाही? की पोटरी इतकी आखडली आहे, की टाच जमिनीला लागतच नाही? प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. एकाला घोटा धरून ठेवणारा स्प्लिंट लागेल, दुसऱ्याला पोटरीत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, तर तिसऱ्याला खुब्याच्या स्नायूंचा व्यायाम. हा फरक ओळखायला आज कॅमेरे, संगणक, जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्ट्या असं बरंच काही निघालेलं आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक फिजिओथेरपी विभागांत सुरुवात होते ती नुसत्या डोळ्यांनी. ‘काका, जरा त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा,’ एवढ्यावर.

वाटतं तितकं हे बघणं सोपं नाही. निरोगी माणूस मिनिटाला साधारण 110 पावलं टाकतो. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ धरला, तर तो जेमतेम 1.1 सेकंद भरतो. त्यातला सुमारे 60 टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि 40 टक्के हवेत. म्हणजे पाय मागून पुढे येतो तो अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात. तेवढ्यात गुडघा साधारण 60 अंशांपर्यंत वाकतो, पुन्हा जवळजवळ सरळ होतो, घोटा पाऊल वर उचलून धरतो आणि बोटं जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटरवरून निसटून पुढे जातात. एक-दोन सेंटिमीटर! सतरंजीच्या मुडपलेल्या कडेलाही माणूस का अडखळतो, त्याचं उत्तर इथेच आहे.

डोळ्याला हे सगळं एकदम टिपता येत नाही, हे माहीत होऊनही आता जवळजवळ दीडशे वर्षं होत आली. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने 1878 मध्ये कॅलिफोर्नियात घोड्याच्या धावण्याची ओळीने छायाचित्रं काढली आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे दाखवून दिलं. त्याआधीचे चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या धावते घोडे रंगवत आले होते, पण पायांची खरी ठेवण त्यांच्या डोळ्यांतून सुटली होती. पुढे 1880च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करताना मायब्रिजने फ्रान्सिस डर्कम या मेंदूविकारतज्ज्ञाबरोबर रुग्णांच्या बिघडलेल्या चालींचीही अशीच छायाचित्रं काढली. माणसाची चाल तुकड्या-तुकड्यांत पाहायची सवय वैद्यकाला लागली ती या सुमारास.

त्या तुकड्यांना शिस्त लावली ती जॅकलीन पेरी यांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केल्यावर त्या अस्थिशल्यचिकित्सक झाल्या आणि लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात त्यांनी पोलिओच्या आणि नंतर अर्धांगवायूच्या रुग्णांच्या चालीचा अनेक दशकं अभ्यास केला. चालण्याच्या एका आवर्तनाचे त्यांनी आठ टप्पे पाडले आणि त्या टप्प्यांत शरीराला उरकावी लागणारी तीन कामं सांगितली : पुढे टेकलेल्या पायावर वजन घेणं, त्या एकाच पायावर तोल सांभाळत पुढे सरकणं आणि मग तो पाय उचलून पुढे आणणं. 1992 साली आलेलं त्यांचं चालीवरचं पुस्तक आजही या विषयाचा पाया मानलं जातं. माझ्या मते या मांडणीची खरी ताकद आठ या आकड्यात नाही. ‘चाल कशी दिसते?’ या प्रश्नाऐवजी ‘तीनपैकी कोणतं काम होत नाहीये?’ असं विचारायला ती शिकवते, हे तिचं मोल.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं? आधी गुडघे दिसले पाहिजेत. आपल्याकडे ही पहिलीच अडचण. साडीत किंवा धोतरात गुडघा दिसत नाही आणि सलवारीत घोटा. गुडघ्याचं मागे जाणं साडीखाली सहज लपतं. म्हणून शक्य तिथे अर्धी चड्डी, नाहीतर निदान गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं वस्त्र आणि त्यासाठी लागणारा आडोसा. चपला काढून बघायचं आणि चपला हातात घेऊनही बघायचं. कमजोर बाजूच्या चपलेचं टोक झिजलेलं असेल, तर पाऊल पुढे जाताना बोटं घासतात. बाहेरची कड झिजली असेल, तर पाऊल आत वळून कडेवर टेकतं. चप्पल पायातून आपोआप निसटते आणि ते माणसाला कळतही नाही, असं घरच्यांनी सांगितलं, तर पावलाची ताकदच नव्हे, तर संवेदनाही तपासायला हवी.

मग जागा निवडायची. बाजूने उभं राहिलं, की गुडघा आणि घोटा कळतो. समोरून किंवा मागून पाहिलं, तर कंबरेचं वर-खाली होणं, पायाचं बाहेरून फिरणं, पावलाचं आत वळणं कळतं. नवखा बघणारा एका जागी उभा राहून सगळंच पाहायला जातो आणि त्याच्या हाती शेवटी ‘पाय ओढतात’ एवढंच लागतं. सराईत फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पुन्हा पुन्हा चालायला लावते आणि प्रत्येक फेरीला एकाच सांध्याकडे पाहते. या फेरीत फक्त घोटा, पुढच्या फेरीत फक्त गुडघा. अर्थात दमलेल्या माणसाला हव्या तेवढ्या फेऱ्या घालता येत नाहीत, आणि दमल्यावर चाल बदलतेही. हे सगळं चालू असताना कमजोर बाजूला, किंचित मागे, आधाराला कोणीतरी उभं असतंच.

कानही उघडे ठेवावे लागतात. निरोगी पावलांचा ठेका सारखा असतो. इथे तो लंगडा होतो : कमजोर पायावर फार वेळ उभं राहवत नाही, त्यामुळे चांगलं पाऊल घाईने पुढे येऊन टेकतं. फरशीवर घासल्याचा आवाज, टाचेऐवजी चवडा आपटल्याचा ‘थप्’, हे डोळ्यांच्या आधी ऐकू येतं.

सर्वात जास्त वेळ द्यावा ते पायाच्या लांबीला. ऐकायला विचित्र वाटेल, कारण झटका आला म्हणून पाय काही वाढत नाही. पण हवेतून पुढे जाणारा पाय तेवढ्यापुरता आखूड व्हावा लागतो. नाहीतर तो जमिनीत रुतेल. खुबा वाकतो, गुडघा वाकतो, पाऊल वर उचललं जातं आणि पाय आखूड होतो. अर्धांगवायूत यांतलं एक किंवा सगळंच होत नाही आणि पाय लांबच राहतो. मग शरीर वाटा काढतं. काही जण पाय सरळ ठेवून, कर्कटकाने अर्धवर्तुळ काढावं तसा बाहेरून फिरवून पुढे आणतात. अर्धांगवायूची म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली चाल ती हीच. काही जण त्या बाजूची कंबर वर उचलून पाय सोडवून घेतात. काही जण धड चांगल्या बाजूला झुकवतात. आणि काही जण चक्क चांगल्या पायाच्या चवड्यावर उभे राहतात, म्हणजे पलीकडच्या पायाला खाली जागा होते.

ही शेवटची युक्ती फार जणांच्या नजरेतून निसटते, कारण सगळ्यांचे डोळे आजारी पायावर खिळलेले असतात. चांगल्या पायाची टाच मधेच वर का उचलली जातेय, हे कोणी बघत नाही; आणि बघितलंच तर चांगल्या पायातही काहीतरी बिघाड झाला, असं समजून बसतं. बिघाड तिथे नसतो. तो पाय दुसऱ्याचं काम करत असतो.

बरं, पाय लांब राहतो हे कळलं. पण का राहतो? गुडघा वाकत नाही असं दिसलं, की गुडघ्याचाच व्यायाम सांगायचा मोह होतो. मात्र चालताना गुडघा वाकतो तो मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंनी ओढल्यामुळे नव्हे. पाय शरीराच्या मागे गेलेला असतो, पोटरी जमिनीला रेटा देते, टाच सुटते, खुब्याचे स्नायू मांडी पुढे ओढतात आणि नडगी मागे राहिल्याने गुडघा जवळजवळ आपोआप मुडपतो. म्हणजे गुडघ्याचं वाकणं ठरतं ते पाय उचलण्याच्या आधी, तो अजून जमिनीवर असतानाच. पोटरीने रेटाच दिला नाही, किंवा खुबा मागे जाऊच शकला नाही आणि पाय शरीराच्या मागे पोचलाच नाही, तर पुढच्या क्षणी गुडघा ताठ राहणारच. कधी मांडीच्या पुढच्या बाजूचा एक स्नायू नको त्या वेळी आवळलेला राहतो आणि गुडघा वाकू देत नाही. तिथे इंजेक्शनचा विचार होतो. पण ज्याची पोटरीच लुळी आहे, त्याला ते इंजेक्शन देऊन काय साधणार? दोघांचीही चाल बाजूने सारखीच ताठ दिसते. म्हणून गुडघा वाकला नाही असं दिसलं, की त्याआधीचा अर्धा क्षण बघायला परत जावं लागतं : टाच कधी सुटली? सुटली तेव्हा पाय शरीराच्या किती मागे होता?

याच गुडघ्याची दुसरी तऱ्हा म्हणजे वजन घेतल्यावर तो मागे जाणं. बाजूने पाहिलं तर पाय उलटा, मागच्या बाजूला कमानीसारखा दिसतो. घरच्यांना बघवत नाही आणि ‘गुडघा वाकवून चाला हो’ असा धोशा सुरू होतो. इथे थांबायला हवं. कधी पोटरी आखडल्यामुळे नडगी पावलावरून पुढे सरकू शकत नाही; शरीर मात्र पुढे जातं आणि मधल्या मधे गुडघा मागे ढकलला जातो. तेव्हा दोष घोट्यात आहे आणि घोटा सुधारला, की गुडघा बराचसा सावरतो. कधी मात्र मांडीचा पुढचा मोठा स्नायू कमजोर असतो. असा माणूस धड थोडं पुढे झुकवतो, गुडघा मागे नेऊन कुलूप लावल्यासारखा अडकवतो आणि त्यावर उभा राहतो. त्याला गुडघा वाकवून चालायला लावलं, तर तो कोसळेल. जे वाकडं दिसतंय, त्याच्याच जोरावर तो उभा आहे. त्याची ताकद वाढवण्याआधी, किंवा दुसरा आधार देण्याआधी, ती खोड मोडायला जाणं धोक्याचं. वर्षानुवर्षं मागे जाणारा गुडघा दुखू लागतो हेही खरं, त्यामुळे तसंच सोडून देता येत नाही. या दोन्हींच्या मधून वाट काढणं हेच कौशल्य, आणि ते पुस्तकातल्या तक्त्यात मावत नाही.

पावलाचंही असंच. चालताना पाऊल खाली लोंबतं ते नडगीपुढचा स्नायू उचलायला कमी पडतो म्हणून, की पोटरी खाली ओढून धरते म्हणून? डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. इथे हात लावावा लागतो. रुग्णाला झोपवून पाऊल हळूहळू वर दाबायचं आणि मग तेच झटक्यात करायचं. हळू दाबल्यावर पाऊल येतं, पण झटक्यात मधेच अडतं, तर स्नायू ताठरला आहे. औषधाने किंवा इंजेक्शनने तो सैल होऊ शकतो. हळू दाबूनही येत नसेल, तर स्नायू खरोखर आखूड झाला आहे आणि तिथे ताणण्याचे व्यायाम, प्लास्टर किंवा कधी शस्त्रक्रिया. दोन्ही वेळा पाऊल सहज वर आलं, तर प्रश्न कमजोरीचा. घोटा धरणारा स्प्लिंट किंवा मज्जातंतूला विजेची सौम्य चेतना देणारं यंत्र तिथे कामाला येतं. असं यंत्र 1961 सालापासून माहीत आहे, आपल्याकडे अजूनही फारसं दिसत नाही.

कंबर आणि धड यांच्याबद्दल थोडक्यात. कमजोर पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली घसरते का, हे मागून पाहायचं. जर्मन शल्यचिकित्सक फ्रिडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये वर्णन केलेली ती खूण अर्धांगवायूतही दिसते. कंबरेला पट्टा बांधला, तर नजरेला आडवी रेघ मिळते. चालू लागलं, की कोपर आपोआप वाकून हात छातीशी येतो, तो हाताचा नवा आजार नसून सगळ्या शरीराला किती जोर करावा लागतोय याचं माप असतं. चाल सुधारली, की कित्येकदा हातही थोडा खाली येतो.

आणि सगळेच झटके एका साच्याचे नसतात. लहान मेंदूत झटका आला असेल, तर पायात ताकद भरपूर, पण पावलं दूर-दूर आणि झोकांड्या खात पडतात. मेंदूच्या उजव्या भागातल्या झटक्यानंतर काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात. काही जण चांगल्या हाताने स्वतःला कमजोर बाजूकडे ढकलत राहतात आणि सरळ उभं केलं, तर आपण पडतोय असं त्यांना वाटतं. पॅट्रिशिया डेव्हिस या फिजिओथेरपिस्टने 1985 मध्ये याचं नेमकं वर्णन केलं. अशा रुग्णाच्या घोट्याचे अंश मोजत बसण्यात काही हशील नाही.

डोळ्यांवर भरवसा किती ठेवायचा? एकच चाल तीन अनुभवी माणसांना दाखवली, तर तिघांचं मत नेहमी जुळतंच असं नाही. पायाला ब्रेसेस लावलेल्या मुलांच्या चालीवर डेव्हिड क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये केलेल्या अभ्यासात निष्कर्ष निघाला, की ही पद्धत सोयीची आहे, पण तिचा भरवसा मध्यमच. म्हणून मग तक्ते आले. 1996 चं विस्कॉन्सिन गेट स्केल, त्यानंतर दोन वर्षांनी इंग्लंडमधून आलेलं रिव्हरमीड व्हिज्युअल गेट असेसमेंट. त्यांत एकेका सांध्याचं, एकेका टप्प्यातलं वागणं पाहून गुण द्यायचे असतात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच गुण काढले, की ‘बरं वाटतंय’ याच्या पलीकडचं काहीतरी हाती येतं. तक्त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो : कंटाळा आला म्हणून बघणाऱ्याला एखादा सांधा वगळता येत नाही.

त्याच्या जोडीला घड्याळ हवंच. चाल कितीही वाकडी दिसो, वेग सांगतो की माणूस कुठवर जाऊ शकेल. पेरी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेली विभागणी आजही वापरतात : सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेग असलेला माणूस बहुधा घरापुरता चालतो, 0.4 ते 0.8 मध्ये बाहेर थोडंफार, आणि 0.8 च्या पुढे मोकळेपणाने बाहेर. निरोगी प्रौढाचा वेग साधारण 1.2 ते 1.4 मीटर. मोजायला चाळीची गॅलरी किंवा सोसायटीचा व्हरांडा पुरतो. 10 मीटरच्या दोन खुणा करायच्या. 25 सेकंद लागले तर वेग 0.4, साडेबारा लागले तर 0.8. या वेगाने 12 मीटर रुंद रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतील आणि तिथला सिग्नल किती सेकंदांचा आहे, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

तपासणीच्या खोलीतल्या चालीवर मात्र फार विसंबू नये. कोणीतरी बघतंय म्हटल्यावर माणूस जपून, मान खाली घालून, एकेक पाऊल मोजून टाकतो. खरी चाल बाकावरून उठून दारापर्यंत येताना दिसते, नाव पुकारल्याच्या घाईत. म्हणून हुशार फिजिओथेरपिस्ट खुर्चीत बसून न राहता दाराशी येते. चालता चालता नातवाचं नाव किंवा आज जेवणात काय होतं ते विचारते आणि उत्तर देण्यासाठी माणूस थांबतो का, ते बघते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये वृद्धांवर केलेल्या अभ्यासात, बोलण्यासाठी थांबणारे लोक पुढच्या काळात जास्त पडल्याचं दिसलं होतं. चालण्यासाठीच ज्याचं सगळं लक्ष खर्ची पडतंय, त्याच्याकडे रस्त्यावरच्या रिक्षासाठी काही शिल्लक उरत नाही.

डोळ्यांची उणीव भरून काढणारं साधन आता बहुतेकांच्या खिशात आहे. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला 240 चित्रं टिपणारं स्लो मोशन असतं. म्हणजे पाय हवेत असतानाच्या त्या अर्ध्याहून कमी सेकंदाची शंभरेक चित्रं मिळतात; मायब्रिजने ज्यासाठी कॅमेऱ्यांची रांग लावली होती, ते आता सुनेला उभ्या-उभ्या करता येतं. चित्रण करताना फोन गुडघ्याच्या उंचीवर आणि स्थिर धरावा, एकदा बाजूने, एकदा समोरून आणि एकदा मागून. चालणाऱ्याच्या मागे फोन घेऊन फिरू नये. कोन बदलत गेला, की गुडघा किती वाकला ते कळत नाही. आणि चाल अचानक, तासाभरात किंवा रातोरात बिघडली असेल, तर चित्रण वगैरे बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठावं.

घरी केलेल्या चित्रणाचं आणखी एक कारण आपल्याकडे आहेच. घोटा धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट बहुधा बुटात घालायचा असतो आणि दवाखान्यात तो घालून चाल छान दिसते. घरी मात्र चपला-बूट दाराबाहेर. देवघरात, स्वयंपाकघरात, रात्री अंधारात मोरीकडे जाताना माणूस अनवाणी असतो आणि स्प्लिंट पलंगाखाली. न्हाणीघराचा उंबरठा आणि ओली फरशी तिथेच असते. म्हणून दोन चित्रणं हवीत, एक स्प्लिंट आणि बूट घालून, दुसरं घरात अनवाणी, कोणीतरी शेजारी उभं असताना. दुसऱ्यात पाऊल उंबरठ्याला अडत असेल, तर घरात वापरायला पातळ तळाची, मागून पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवायची की अनवाणीही बांधता येईल असा मऊ पट्टा घ्यायचा, हे फिजिओथेरपिस्टला तेव्हाच ठरवता येतं.